सावित्रीच्या मुखाशी सुरू झालेले काम आणि विल्सनबाई

आमच्या भागाला समाध्यांची कमी नाही. रायगडावर शिवछत्रपतींची समाधी आहे, उमरठला तानाजी मालुसऱ्यांची, पोलादपुरात ‘शिवभारत’ रचणाऱ्या कवींद्र परमानंदांची. गडाच्या पायथ्याशी पाचाडला जिजाऊसाहेबांची. महाड-पोलादपूरच्या शाळांच्या सहली वर्षानुवर्षे याच वाटेने फिरतात. या यादीत बाई एकच, आणि तीही राजमाता. बाकीच्या बायांची आठवण ठेवायला दगड लागत नाही, ती लोणच्याच्या चवीत राहते, गोधडीच्या टाक्यात राहते, असे आपल्याकडे म्हणतात. हे म्हणणे गोड आहे, आणि सोयीचेही आहे. नाव लिहून ठेवण्याचे कष्ट वाचतात.

स्मरणिकेच्या संपादकांनी मला विषय दिला तो ‘सावित्रीच्या खोऱ्यातील मिशनच्या कामाचा इतिहास’. असा इतिहास लिहायचा म्हणजे साहेबांची नावे, त्यांच्या आगमनाच्या तारखा, शाळांची मोजदाद असा शिरस्ता आहे. तो मी पाळतो. पण पाळता पाळता माझे लक्ष एका बाईकडे जाते. ती या खाडीच्या टोकाशी मराठी बोलायला शिकलेल्यांपैकी होती, सहाच वर्षे या मुलखात जगली, आणि गेल्यावर तिच्या मंडळीने तिची आठवण ज्या तऱ्हेने राखली त्यातून मला आपल्या आजच्या मंडळ्यांसाठी काही विचारायचे आहे. तिचे नाव मार्गारेट विल्सन. त्या काळच्या बोलण्याप्रमाणे आपण तिला विल्सनबाई म्हणू.

आधी नदी. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरच्या बाजूने खाली उतरते, महाडला वळसा घालते, दासगावपाशी खाडीचे रूप घेते आणि बाणकोटला समुद्राला मिळते. आज महाडहून मुंबईला जायचे तर महामार्ग धरायचा हे इतके अंगवळणी पडले आहे की एके काळी आमचा राजरस्ता पाण्याचा होता हे सांगावे लागते. मुंबईहून गलबत बाणकोटला लागे, तिथून भरतीचे पाणी धरून होडी दासगाव-महाडपर्यंत येई, आणि पुढे बैल, घोडा, डोली किंवा स्वतःचे पाय. घाटावरचे धान्य खाली, मीठ वर. महाबळेश्वरला गोऱ्यांनी थंड हवेचे ठिकाण वसवले ते 1828-29 च्या सुमारास, गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत. किनाऱ्यावरच्या साहेबाला उन्हाळ्यात वर जायचे तर एक वाट आमच्याच पोलादपूरवरून रडतोंडीच्या घाटाने चढे. घाटाचे नाव ज्याने ठेवले त्याने तो पायी चढला असणार.

बाणकोट आता रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात येते. पण जिल्ह्याच्या रेषा अलीकडच्या. खाडी एकच आहे. 1756 च्या तहाने बाणकोट आणि दासगाव पेशव्यांकडून इंग्रजांकडे गेले. म्हणजे पुणे पडण्याच्या साठ-बासष्ट वर्षे आधीपासून खाडीच्या मुखावर कंपनीचे निशाण होते. किल्ल्याचे नावही त्यांनी बदलून ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ केले होते. हे सांगण्याचे कारण, मिशन इथे का आले याचे उत्तर त्यात आहे.

एडिंबरोच्या ‘स्कॉटिश मिशनरी सोसायटी’ला खरे तर पुणे हवे होते. पण मुंबईचे गव्हर्नर होते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. पेशवाई बुडून चारच वर्षे झालेली. पुण्यातल्या ब्राह्मणवर्गाला न दुखवता राज्य बसवायचे हे एल्फिन्स्टनचे धोरण. मिशनऱ्यांनी पुण्याच्या पेठांत उभे राहून प्रवचने करावीत, ही कल्पना त्यांना मुळीच रुचण्यासारखी नव्हती. परवानगी मिळाली ती दक्षिण कोकणात, जिथे कंपनीचा अंमल जुना आणि मुलूख शांत. तेव्हा आमच्या भागाची निवड कोणी आपण होऊन केली नाही. आम्ही उरलेल्या जागी होतो. संस्थांच्या इतिहासात ‘दैवी योजने’ने जागा निवडली असे लिहिण्याचा प्रघात असतो, मला यात सरकारी कचेरीचा शिक्का आधी दिसतो. योजना त्यातूनही चालली असेल तर त्याला माझी हरकत नाही.

पहिला माणूस डोनाल्ड मिचेल. पूर्वी कंपनीच्या फौजेत नोकरी केलेला. 1823 च्या जानेवारीत तो मुंबईला उतरला, बाणकोटला काम मांडले आणि त्याच वर्षी मरण पावला. त्याच्या मागोमाग जेम्स मिचेल, अलेक्झांडर क्रॉफर्ड, जॉन कूपर, जॉन स्टीव्हन्सन हे आले. 1827 मध्ये रॉबर्ट नेस्बिट. ठाणी दोन, बाणकोट आणि हर्णै. काम मुख्यतः शाळांचे. गावातलाच पंतोजी पगारावर ठेवायचा, ठरलेली पुस्तके द्यायची, आणि मिशनऱ्याने फिरतीवर येऊन मुलांची परीक्षा घ्यायची. पावसाळ्यात वाटा बंद, उन्हाळ्यात ताप, मुले भातलावणीला आणि आंब्याला गैरहजर. कोकणात ज्याने शाळा चालवली आहे त्याला हे चित्र आजही अनोळखी वाटणार नाही.

या मंडळींनी मराठीवर केलेले कष्ट मात्र मनापासून मान्य करावे लागतील. स्टीव्हन्सनने मराठीचे व्याकरण लिहिले, ते 1833 मध्ये छापले गेले. पुढे त्याने सामवेदाचे इंग्रजी भाषांतरही केले. नेस्बिटची तर अशी ख्याती होती की पडद्याआडून त्याचे मराठी ऐकले तर बोलणारा गोरा आहे हे कळू नये. कोकणातल्या बोलींत ‘बाणकोटी’ नावाची एक बोली भाषाशास्त्रज्ञ वेगळी मोजतात. नेस्बिटच्या पुस्तकी मराठीत त्या बोलीचा एखादा हेल शिरला होता का, हे ऐकायला मला फार आवडले असते.

आता विल्सनबाई.

मार्गारेट बेन हे तिचे माहेरचे नाव. जन्म 5 नोव्हेंबर 1795 चा, स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉक गावचा. वडील रेव्हरंड केनेथ बेन, धर्मोपदेशक. घरात पुस्तके होती आणि मुलींनी ती वाचण्याला बंदी नव्हती. लग्न झाले तेव्हा तिचे वय बत्तीस आणि नवऱ्याचे तेवीस. आपल्याकडे आजही यावर कुजबुज होईल. 12 ऑगस्ट 1828 ला एडिंबरोत जॉन विल्सनशी विवाह. महिना संपायच्या आत जहाजात पाय. केप ऑफ गुड होपला वळसा घालून साडेपाच महिन्यांनी, 1829 च्या फेब्रुवारीत, दोघे मुंबईला उतरली.

उतरल्यावर लगेच मुंबईत ठाण मांडायचे नव्हते. आधी भाषा. त्यासाठी त्यांना कोकणात धाडले गेले. बाणकोटची ओळख झाली, मुक्काम हर्णैला झाला. 1829 चा पावसाळा त्यांनी या किनाऱ्यावर काढला आणि नोव्हेंबर संपण्यापूर्वी मुंबईला परतले तेव्हा विल्सन मराठीतून प्रवचन करू लागले होते. विल्सनचे नाव पुढे मोठे झाले, त्यांची ही भाषाशक्ती चरित्रकारांनी वाखाणली. पण त्याच घरात, त्याच दिव्यापाशी, बाईही मराठी शिकत होती, आणि तिचे शिकणे वेगळ्या कामासाठी होते. त्यांना वाद घालायचा होता. तिला परकरातल्या पोरींशी बोलायचे होते. शास्त्र्याशी बोलण्याचे मराठी आणि सात वर्षांच्या मुलीला ‘तू काल का आली नाहीस’ असे विचारण्याचे मराठी, यांत दुसरे अवघड. ते व्याकरणाच्या पुस्तकात मिळत नाही. हर्णैच्या बंदरावर, विहिरीवर, दारात आलेल्या बायांशी बोलूनच ते येते. म्हणून मी म्हणतो की मुंबईत तिने जे उभे केले त्याचा पाया आमच्या कोकणात घातला गेला. हे म्हणताना थोडा गावाभिमान आड येत असेल, तो वाचकांनी वजा करून घ्यावा.

मुंबई त्या वर्षांत वादांनी तापलेली होती. 1830 मध्ये विल्सनांनी ‘ओरिएंटल ख्रिश्चन स्पेक्टेटर’ हे मासिक काढले. 1831 मध्ये मोरभट दांडेकर यांच्याशी त्यांचा जाहीर वाद झाला. दांडेकरांनी ‘हिंदुधर्मस्थापना’ लिहिले, विल्सनांनी त्याला उत्तर छापले. त्याच साली मराठी बोलणाऱ्यांची छोटीशी प्रेस्बिटेरियन मंडळी मुंबईत स्थापन झाली. माणसे मूठभर. पुढे गिरगावची आंब्रोली मंडळी म्हणून ती ओळखली गेली. मराठी ख्रिस्ती इतिहासातल्या कितीतरी नावांची पहिली नोंद त्या परंपरेत सापडते. 1832 च्या जानेवारीत बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले. म्हणजे एका बाजूला छापखाने, वाद, पत्रके, आणि सगळे बोलणारे पुरुष. आणि त्याच गावात विल्सनबाई मुलींच्या शाळा काढत हिंडत होती.

मुलींच्या शाळा मुंबईत अगदीच नव्या नव्हत्या. अमेरिकन मिशनने त्या 1824 पासून काढल्या होत्या. पण त्या चालवणे म्हणजे काय होते ते आज समजून घ्यावे लागते. शिकलेल्या मुलीला वैधव्य येते ही समजूत पक्की. मुलगी आठ-नऊ वर्षांची झाली की लग्न, म्हणजे अक्षरे जुळायला लागतात तोच वर्ग रिकामा. शिकवायला बाई मिळत नाही, म्हणून पंतोजी ठेवायचे. पंतोजी पुरुष, म्हणून आईबाप साशंक. मुलींना घरून आणायला आणि पोचवायला एखादी वयस्क बाई नेमावी लागे. अशा अवस्थेत मुंबईत परतल्यापासून थोड्याच काळात विल्सनबाईने मुलींच्या पाच-सहा शाळा चालू केल्या. 1832 साली तिने ज्या मुलींच्या शाळेचा पाया घातला तीच आज मुंबईत गावदेवीला असलेली सेंट कोलंबा शाळा. वाचकांनी तारखांकडे नीट पाहावे. जोतीरावांची पुण्यातली शाळा 1848 ची. विल्सनबाईची त्याच्या सोळा वर्षे आधीची.

तारीख सांगितली म्हणून मोठेपणाची स्पर्धा लावू नये. जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी जे केले ते आपल्याच समाजाच्या शिव्या खात, आपल्याच गल्लीत राहून केले. परदेशी बाईला हवे तर परत जाता आले असते, सावित्रीबाईंना कुठे जाता आले असते? विल्सनबाईच्या कामात मुली ख्रिस्ती व्हाव्यात हा हेतू होता आणि तो तिने लपवलाही नाही. तिची पत्रे वाचताना आपल्या देवाधर्माविषयी तिने केलेली कठोर विधाने आजच्या वाचकाला टोचतील. मलाही टोचली. पण त्याच पत्रांत मुलींच्या डोक्यावर विश्वास ठेवणारी बाई दिसते, आणि तो विश्वास त्या शहरात 1830 मध्ये किती जणांना होता?

नवरा फिरतीवर असे. नाशिक, गुजरात, घाट. तो बाहेर असताना शाळांची देखरेख, पंतोज्यांचे पगार, आल्यागेल्याची विचारपूस हे सगळे तिच्याकडे. मासिकासाठी तिने लेख लिहिले. संसार होताच. तिचा मुलगा अँड्र्यू पुढे पत्रकार आणि प्रवासी झाला. हिमालयातून केलेल्या त्याच्या प्रवासाचे ‘द अबोड ऑफ स्नो’ हे पुस्तक 1875 चे. आईच्या शाळेपेक्षा मुलाचे पुस्तक इंग्रजी वाचकांना जास्त माहीत आहे.

19 एप्रिल 1835 ला विल्सनबाई मुंबईत वारली. वय एकोणचाळीस. तो रविवार होता, आणि पंचांग काढून पाहिले तर ईस्टरचा रविवार. त्या काळचे स्कॉटिश प्रेस्बिटेरियन ईस्टर किंवा नाताळ सण म्हणून पाळत नसत, त्यामुळे तिच्या माणसांच्या लेखी तो नेहमीचा शब्बाथ असणार. आपल्या मंडळ्यांत पुनरुत्थानाच्या पहाटे कोणी गेले तर केवढे सांगितले जाते! त्यांच्याकडे त्या योगायोगाचा गाजावाजा करण्याची रीत नव्हती. मला त्यांचा हा कोरडेपणा आवडतो.

पुढे जे झाले तो या लेखाचा खरा विषय.

मंडळीने आणि घरच्यांनी तिची आठवण तीन तऱ्हांनी राखली. पहिली तऱ्हा, पुस्तक. विल्सनांनी तिचे चरित्र लिहिले, ते 1838 मध्ये एडिंबरोला प्रसिद्ध झाले. त्यात बराच भाग तिची पत्रे आणि रोजनिशी यांचा आहे. सावित्रीने यमाच्या मागे जाऊन नवरा परत आणला, ती कथा आपल्या नदीच्या नावातच आहे; इथे नवरा दोन-तीन वर्षे कागदांच्या ढिगात बसून बायकोला जेवढी आणता येईल तेवढी परत आणत होता. जेवढी. कारण कोणती पत्रे घ्यायची, कुठे कात्री लावायची हे त्याने ठरवले. हा दोष मी त्यांना देत नाही. त्यांनी ते केले नसते तर आज बाईचा स्वतःचा एक शब्द आपल्यापुढे नसता. पण पुस्तक इंग्रजीत, छापले एडिंबरोला, वाचक स्कॉटलंडचे. जिच्या मराठीवर शाळा उभ्या राहिल्या तिची आठवण मराठीत लिहिली गेली नाही. ज्या मुलींना तिने अक्षर शिकवले त्यांना ते पुस्तक वाचता येण्यासारखे नव्हते.

दुसरी तऱ्हा मला जास्त मोलाची वाटते. 1837 मध्ये तिच्या दोन बहिणी, ॲना आणि हे बेन, मुंबईला आल्या. बहिणीचे दिवस करायला कोणी साडेपाच महिन्यांचा समुद्र ओलांडत नाही. त्या आल्या शाळा चालवायला. हे हिने पुढे रॉबर्ट नेस्बिटशी लग्न केले, त्याच नेस्बिटशी, ज्याने आपले मराठी कोकणात कमावले होते. त्याच 1837 साली हिंदुस्थानातील स्त्रीशिक्षणासाठी स्कॉटलंडमध्ये बायकांची संस्था स्थापन झाली. मुंबई-पुण्याच्या मुलींच्या शाळांना पुढे अनेक वर्षे शिक्षिका आणि पैसा तिथून येत राहिला. ‘प्रभूने नेली’ म्हणून डोळे पुसायचे आणि दुसऱ्या दिवशी तिचा वर्ग घ्यायला उभे राहायचे, यापेक्षा मोठे स्मरण-उपासनेचे रूप मला ठाऊक नाही.

तिसरी तऱ्हा म्हणजे नाव. आणि तिथे माझी तक्रार आहे. जॉन विल्सन 1 डिसेंबर 1875 ला वारले. विद्वान, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषवलेले, रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे अध्यक्ष झालेले. त्यांनी 1832 मध्ये सुरू केलेल्या शाळेतून वाढलेल्या कॉलेजला त्यांचे नाव मिळाले आणि 1889 पासून ते चौपाटीसमोर दिमाखात उभे आहे. बसचा कंडक्टरसुद्धा ‘विल्सन कॉलेज’ ओरडतो. बाईच्या शाळेला नाव मिळाले संत कोलंबाचे. हा आयर्लंडमधला साधू सहाव्या शतकात स्कॉटलंडला शुभवर्तमान घेऊन गेला. साधू थोर होता, वाद नाही. पण गिरगावातल्या मुलींना घरून शाळेपर्यंत आणणारा तो नव्हता. दोघा नवराबायकोंनी एकाच वर्षी दोन शाळांचा पाया घातला, एकीवर नवऱ्याचे नाव आले आणि दुसरीवर बायकोचे आले नाही. याला कारस्थान म्हणू नये. यापेक्षा वाईट गोष्ट आहे ती, सवय.

इकडे कोकणात काय झाले ते थोडक्यात. 1830 च्या दशकात मिशनने बाणकोट-हर्णैची ठाणी आवरती घेतली. पुण्याचे दार आता उघडले होते. वस्ती विखुरलेली, वाटा अवघड, आणि पुण्या-मुंबईत एका शाळेत जेवढी मुले जमतील तेवढ्यासाठी इथे दहा गावे पालथी घालावी लागत. हिशेब त्यांच्या बाजूने बरोबर होता. आजही आमच्या खोऱ्यातली शाळा, दवाखाना, एसटीची फेरी अशाच हिशेबाने बंद होते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटिश मिशन आपल्या जिल्ह्यात परत आले ते अलिबागला.

बाणकोटहून गेलेल्यांपैकी जेम्स मिचेल पुण्यात स्थिरावला. पुण्याच्या ज्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत जोतीराव फुले 1841 पासून शिकले ते काम मिचेलच्या हाताखाली वाढलेले. सावित्रीबाईंच्या अध्यापन-शिक्षणाच्या हकिकतीत अहमदनगरच्या मिस सिंथिया फरार आणि पुण्याच्या मिचेलबाई ही दोन नावे येतात. आणि जोतीरावांच्या विचाराने पेटलेला एक माणूस आमच्या महाडजवळच्या रावढळचा. फौजेतून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर. 1888 मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ लिहिणारे, 1895 मध्ये महाड तालुका लोकल बोर्डावर नेमले गेलेले. बाणकोटहून निघालेला एक धागा पुण्याला वळसा घालून असा महाडला परत येतो.

हा धागा दाखवून मी थांबतो, कारण इथे मिशनचा इतिहास लिहिणाऱ्यांना मोह होतो. चवदार तळ्याचा 20 मार्च 1927 चा संग्राम हा मिशनच्या शाळांचे फळ, असे कोणी म्हटलेले मला चालणार नाही. तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आणि त्यांच्या माणसांचा. दासगावच्या रामचंद्र मोऱ्यांसारख्या कार्यकर्त्यांनी तो घडवला, सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधरपंत सहस्रबुद्धे त्यांच्या बाजूला उभे राहिले, डिसेंबरच्या परिषदेला गावात कोणी जागा देईना तेव्हा ती फत्तेखान यांनी दिली. त्या डिसेंबरात बाबासाहेबांनी बायांची वेगळी सभा घेतली आणि त्यांना राहणी बदलायला सांगितले; नव्या तऱ्हेने लुगडे नेसायला त्यांना मदत केली लक्ष्मीबाई टिपणीस यांनी. मी तो प्रसंग वाचतो तेव्हा पुन्हा तोच प्रश्न पडतो. सभेला बसलेल्या शेकडो बायांपैकी आपल्यापर्यंत नावे किती आली?

म्हणून आता आपल्या मंडळ्यांकडे येतो. आपल्यातली एखादी बाई जाते. तिने तीस-चाळीस वर्षे शब्बाथशाळा घेतलेली असते. आजाऱ्याच्या घरी डबा आणि प्रार्थना दोन्ही नेलेले असते. महिला मंडळाची वर्गणी घरोघर फिरून गोळा केलेली असते. नवा पाळक आला की त्याच्या बायकोला बाजारातला भाजीवाला आणि डॉक्टर दाखवून दिलेला असतो. प्रेतयात्रेला सगळे गाव असते. चाळिसाव्या दिवशी उपासना होते, दोन जण उभे राहून साक्ष देतात, गळा भरून येतो. मग नोंदवहीत एक ओळ पडते. अमक्याची पत्नी, मृत्यूची तारीख, दफनाची तारीख. क्वचित वय. वीस वर्षांनी वहीत सापडते ती ‘अमक्याची पत्नी’. तिचे स्वतःचे नाव लिहिणाऱ्याला त्या दिवशी ठाऊक होते, म्हणून त्याने लिहिले नाही.

आणि वही तरी कुठे सुरक्षित आहे! 2005 च्या जुलैत दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन या गावांवर डोंगर आले. 2016 च्या 2 ऑगस्टच्या रात्री सावित्रीने ब्रिटिशकालीन पूल गाड्या-माणसांसकट नेला. 22 जुलै 2021 ला तळीये गाव दरडीखाली गेले, पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथे माणसे गाडली गेली, आणि महाडच्या बाजारपेठेत घराघरांत पाणी शिरले. त्या पाण्याने घरांतली भांडीकुंडी नेली तशी कागदांची पेटीही नेली. लग्नाचे फोटो, बाप्तिस्म्याचे दाखले, पवित्र शास्त्राच्या पहिल्या कोऱ्या पानावर आजीने लिहिलेल्या मुलांच्या जन्मतारखा. भांडी परत घेता आली. ते पान परत मिळत नाही. विल्सनबाईची रोजनिशी एडिंबरोला छापली गेली म्हणून वाचली. महाडला राहिली असती तर तिचा लगदा झाला असता.

तेव्हा या स्मरणिकेच्या वाचकांना एक विनंती. लेख आवडला असे सांगायला येऊ नका, येताना घरातला एखादा फोटो घेऊन या. आपली आई, आजी, आत्या, मावशी, शेजारच्या बाई, जिने तुम्हाला पहिली प्रार्थना पाठ करून घेतली ती, अशा एका बाईची माहिती एका कागदावर लिहा. मराठीत लिहा. तिचे माहेरचे नाव, सासरचे नाव, गाव, ती काय शिकली, तिने कोणाला काय शिकवले, आणि तिच्या तोंडचे एखादे नेहमीचे वाक्य जसेच्या तसे. रागाचे असले तरी चालेल. तिच्यात दोष असतील तर तेही लिहा. संतांची आपल्याला टंचाई नाही. एक प्रत मंडळीच्या कार्यालयात द्या, एक मुंबई-पुण्याच्या नातेवाइकाकडे ठेवा, आणि तिसऱ्या प्रतीचा मोबाइलने फोटो काढून मुलांना पाठवा. फोटोच्या मागे नाव लिहिताना शाई वापरू नका, पाण्यात पसरते. पेन्सिल वापरा. आणि हे पुढच्या पावसाळ्याआधी करा.